यादीत नसलेल्यांचं वर्णन

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमधल्या 'रुग्ण' नावाच्या टेबलापुढे वर्णन काय लिहिलं होतं, तर 'रुग्णांचे टेबल'. 'डॉक्टर'पुढे 'डॉक्टरांचे टेबल'. 'खाट_नवीन'पुढे 'हे वापरू नये', आणि त्याच्याच खाली 'खाट_नवीन_शेवटचे'पुढे 'हेही वापरू नये'. एका ठिकाणी मात्र कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'हे काय आहे मला माहीत नाही, पण काढू नका, काढलं की औषधांचं बिल बंद पडतं.' अख्ख्या हॉस्पिटलच्या डेटाबेसमधलं हे एकमेव प्रामाणिक वाक्य. लिहिणारा भेटला असता तर मी त्याला स्वतःच्या हातानं चहा करून पाजला असता.

बाकीचं वाचून माझं डोकं फिरलं. दारावर पाटी लावतात ती आत काय आहे हे सांगायला. 'दार' अशी पाटी कुणी लावतं का?

हे सगळं नीट करायलाच मला घेतलं होतं. हॉस्पिटलात तपासणी समिती येणार होती आणि तिला प्रत्येक टेबलाचं आणि प्रत्येक व्ह्यूचं लेखी वर्णन हवं होतं. टेबल म्हणजे जिथे माहिती खरोखर साठवलेली असते ते. व्ह्यू म्हणजे त्या टेबलांमधून वेचून दाखवलेला भाग. व्ह्यूकडे स्वतःचं काही नसतं. कुणीतरी कधीतरी चार अटी लिहिलेल्या असतात, त्या अटींत जे बसेल तेवढंच समोर येतं आणि बघणाऱ्याला वाटतं आपण सगळं बघतोय. म्हणून व्ह्यूचं वर्णन फार जपून लिहावं लागतं. हे मी माहिती विभागाच्या साहेबांना पहिल्याच भेटीत सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, एकही रकाना रिकामा राहता कामा नये, एवढं बघा म्हणजे झालं."

साहेब माणूस वाईट नव्हते. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलणार आहे. कुणाला रजा नाकारायचे नाहीत, कुणावर आवाज चढवायचे नाहीत. त्यांच्या खोलीतल्या कपाटावर काचेची एक ढाल होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती दाखवायचे. हाडांच्या शस्त्रक्रियांची प्रतीक्षा यादी निम्म्यावर आणली म्हणून हॉस्पिटलनं त्यांचा सत्कार केला होता. ढालीवर त्यांचा फोटोसुद्धा कोरलेला होता, आणि त्यात ते हसत होते.

माझी काम करायची एक पद्धत आहे. वर्णन लिहिण्याआधी मी टेबलातली एक ओळखीची ओळ धरते, आणि ती कुठून कुठे जाते, कुठे दिसते, कुठे अडते, हे शेवटपर्यंत बघते. नुसती रकान्यांची नावं वाचून लिहिलं की 'रुग्णांचे टेबल' असलंच काहीतरी हातून होतं. हाडांच्या विभागाला हात घातला तेव्हा मला ओळखीची ओळ शोधावी लागली नाही. माझी सख्खी आत्या तिथे नोंदवलेली होती. तिचा नोंदणी नंबर मला तोंडपाठ होता, कारण दर महिन्याला चौकशीच्या खिडकीवर फोन करून तो सांगणारी मीच.

आत्यानं उभं आयुष्य बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलं. आवाज असा, की ती बसमध्ये 'पुढे सरका' म्हणाली की खाली फुटपाथवरची माणसंही सरकत. निवृत्त झाली आणि उजव्या खुब्याचा सांधा झिजला. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे हाडांच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या डॉक्टरांनी, तिला तपासलं आणि सांगितलं, सांधा बदलावा लागेल, इथे फुकट होईल, पण रांग आहे. तेव्हापासून ती थांबली होती. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आधी कठड्याला धरून उतरायची, मग बसून एकेक पायरी, मग तेही बंद झालं. भाजी, दूध, औषधं ती खिडकीतून दोरीला बांधलेल्या टोपलीत वर ओढून घ्यायची. टोपली वर आली की आधी खिडकीतूनच भाजीवाल्याशी भांडण, मग भाजी आत. त्या भांडणाशिवाय तिचा बाहेरच्या जगाशी फारसा संबंध उरला नव्हता.

तर मी आत्याची ओळ धरली. 'रुग्ण' टेबलात आत्या होती. 'नोंदणी' टेबलात होती: खुबा, उजवा, नोंदणीची तारीख, तपासणारे डॉक्टर, सगळं जिथल्या तिथे. मग मी 'प्रतीक्षा_चालू' हा व्ह्यू उघडला. शस्त्रक्रियेसाठी कुणाला बोलवायचं हे ज्यात बघतात तो हा व्ह्यू.

आत्या त्यात नव्हती.

नंबर चुकला असेल म्हणून नावानं शोधलं. नावात काही चूक असेल म्हणून जन्मतारखेनं शोधलं. मग व्ह्यूच्या अटी वाचायला घेतल्या. शस्त्रक्रिया झालेली नसावी: बरोबर. रुग्ण हयात असावा: बरोबर. आणि तिसरी अट अशी, की तपासणारे डॉक्टर कामावर असावेत.

मोठे डॉक्टर तर कधीच निवृत्त झाले होते. ते गेल्यावर कुणीतरी 'डॉक्टर' टेबलात त्यांच्यापुढच्या 'कार्यरत' या रकान्यात 'होय'चं 'नाही' केलं. करायलाच हवं होतं, त्यात कुणाची चूक नाही. पण ते झालं आणि त्यांनी तपासलेली सगळीच्या सगळी माणसं यादीतून नाहीशी झाली. कुणी काढली नाहीत, कुणी तसं ठरवलं नाही. निवृत्त डॉक्टरांची नावं यादीत दिसू नयेत एवढंच त्या अट घालणाऱ्याला हवं असणार. डॉक्टर गाळायला गेला आणि त्यांच्यामागे उभी असलेली माणसं गाळून बसला. आणि व्ह्यूपुढे वर्णन काय? 'प्रतीक्षा यादी.'

मला ते दर महिन्याचे फोन आठवले. चौकशीच्या खिडकीवरची मुलगी 'नोंदणी' टेबल बघायची. त्यात आत्या होती, म्हणून ती गोड आवाजात सांगायची, "नोंदणी आहे हो त्यांची, नंबर आला की कळवू." खोटं बोलत नव्हती ती. आणि मी 'थँक यू' म्हणून फोन ठेवायची! जिला नंबरच नव्हता तिचा नंबर कधी येईल हे मी इतके दिवस अदबीनं विचारत होते.

मी तडक हाडांच्या विभागात गेले. तिथल्या सिस्टर यादी उघडून वरून एकेकाला फोन लावायच्या. त्यांना विचारलं, यादी कशी वाटते?

"छान आटोपशीर झालीय गं आता," सिस्टर म्हणाल्या. "आधी नुसतं मारुतीचं शेपूट होतं. फोन करता करता माझा घसा बसायचा. मोठे डॉक्टर गेले, नवे आले, आणि बघता बघता यादी अर्ध्यावर. आम्ही म्हटलं, नव्या डॉक्टरांचा हात जलद आहे."

"सिस्टर, मोठ्या डॉक्टरांच्या पेशंटला शेवटचा फोन कधी केलात?"

त्या विचार करायला लागल्या. मग त्यांनी चष्मा काढून मेजावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यादी निम्म्यावर आली म्हणून ढाल मिळाली होती. अर्धी माणसं आम्ही हरवली होती, आणि त्याबद्दल काचेची ढाल, फोटोसकट!

जागेवर येऊन मी त्या व्ह्यूचं वर्णन लिहिलं. 'शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्यांपैकी फक्त अशा रुग्णांची यादी, ज्यांचे तपासणारे डॉक्टर अजून कामावर आहेत. डॉक्टर निवृत्त झाले की त्यांचे सर्व रुग्ण या यादीतून गळतात आणि त्यांना शस्त्रक्रियेसाठी कधीही बोलावलं जात नाही.' दोनच वाक्यं. त्यात एकही शिवी नाही याचं मला आजही कौतुक वाटतं.

साहेबांनी बोलावून घेतलं.

"हे वर्णन आहे की तक्रार?" त्यांनी विचारलं.

"व्ह्यू जे करतो ते लिहिलंय."

"अहो, व्ह्यूनं काय करायला हवं ते लिहा. 'शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या रुग्णांची यादी.' कसं सुटसुटीत आहे!"

"सुटसुटीत आहे, पण खरं नाही."

"हेतू तर तोच आहे ना?"

"साहेब, माझी आत्या तुमच्या हेतूला धरून तीन जिने उतरणार आहे का?"

आत्याला मध्ये आणायला नको होतं. पण जीभ माझ्या ताब्यात नव्हती. साहेब एकदम खुर्चीत मागे टेकले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला.

"तुमची आत्या आहे होय त्यात? मग आधी नाही का सांगायचं? बसा, बसा." त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "हे बघा, चूक झालीय, मी नाकारतच नाही. समिती येऊन जाऊ दे. मग त्या सगळ्यांना नव्या डॉक्टरांच्या नावावर चढवून टाकतो. गाजावाजा न करता."

"आणि नोंदणीची तारीख?"

"ती सिस्टीम आपोआप टाकते. चढवू त्या दिवसाची."

"म्हणजे सगळे रांगेच्या शेवटी जाणार."

"कुठेतरी बसवावे लागतीलच ना, मॅडम? जे आज यादीत आहेत त्यांना मागे ढकलू का? ते बोंबलतील. हे बोंबलणार नाहीत. यांना माहीतच नाही." हे वाक्य त्यांनी अगदी समजूतदारपणे म्हटलं. मग पुढे वाकून म्हणाले, "आत्याबाईंचं मात्र आजच्या आज बघू. एका ओळीचं काम. वर घेतो, पुढच्या महिन्यात सांधा बसेल. तुमचंही डॉक्युमेंटेशन छान होऊ दे."

मला तेव्हाच ताडकन उठून यायला हवं होतं, आणि तोंडावर काय काय म्हणायला हवं होतं ते मला आता पाठ आहे. पण मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि 'नाही' बाहेर आलंच नाही. डोळ्यांसमोर आत्या जिना उतरताना दिसली, कठडा न धरता. "विचारून सांगते," असं मी म्हणाले आणि बाहेर पडले. साहेबांचा राग आलाच होता, पण लिफ्टमधल्या आरशात स्वतःचं तोंड बघून त्याहून जास्त राग आला.

संध्याकाळी आत्याकडे गेले. ती खिडकीशी उंच खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर. मी सगळं सांगितलं: तिसरी अट, ढाल, मऊ आवाज, पाण्याचा ग्लास. मला वाटलं होतं ती कडाडेल. साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल आणि मी मोकळी होईन.

"मग घे की," आत्या म्हणाली.

"काय घे?"

"वरचा नंबर. तो देतोय ना? घे."

"आत्या, अगं तू कंडक्टर होतीस! रांग मोडून चढणाऱ्याला तू बसमधून खाली उतरवायचीस!"

"उतरवायचे. उभा जन्म लोकांना रांगेत उभं करण्यात गेला माझा. आता एकदा मला पुढून चढू दे." तिनं खुब्यावर हात ठेवला. "रात्री कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते, माहितीय तुला? न्हाणीघरात जायचं म्हणजे मोहीम. तू येतेस, तासभर बसतेस, टणाटण जिने उतरून जातेस. तुझ्या पायांचा आवाज खालपर्यंत ऐकत असते मी."

"पण बाकीची माणसं आत्या? त्यांचं काय?"

"बाकीच्यांना तिथे भाची नाही, त्यात माझा काय दोष?"

मी ओरडले. तीही ओरडली. तिचा आवाज मोठा, त्यामुळे तीच जिंकली. "मोठी आली न्यायाधीश! स्वतःचा खुबा झिजला की मग ये मला शिकवायला!" मी चप्पल घातली. खरं सांगायचं तर तिचं चुकत होतं असं मला त्या घडीलाही वाटलं नाही. दुखत असलेल्या माणसाला असा भाव करायला लावणारे आम्हीच, आणि वर तिनंच मोठेपणा दाखवावा अशी आमची अपेक्षा! खाली उतरताना मी पावलं न वाजवता उतरले.

सकाळी साहेबांना सांगितलं, आत्याची ओळ हलवायची नाही. हलवायची तर सगळ्यांची, आणि मूळ तारखेसकट. त्यांनी खांदे उडवले. "बघा बुवा. मी तर मदतच करत होतो." समितीसाठी छापलेली प्रत माझ्या हातात आली तेव्हा त्या व्ह्यूपुढे लिहिलं होतं, 'शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या रुग्णांची यादी.' माझी दोन वाक्यं गेली होती, आणि डेटाबेसमध्ये काही बदलण्याची माझी परवानगीही गेली होती.

समिती आली. लांबलचक मेज, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, आणि भिंतीवर आमचे रकाने मोठे करून दाखवलेले. काही बारीकसारीक विचारलं तर असावी म्हणून मला मागच्या खुर्चीवर बसवलं होतं, पण बोलायचं साहेबांनीच असं ठरलं होतं. समितीच्या अध्यक्ष पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्या हातात पेन्सिल घेऊन प्रत चाळत होत्या आणि प्रत्येक पानावर मान डोलावत होत्या. मला वाटलं, हे असंच पार पडणार. मान डोलावतील, बिस्किट खातील, जातील.

"शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या रुग्णांची यादी," बाईंनी वाचलं. "सगळ्या रुग्णांची ना?"

तो साधा, सवयीनं विचारलेला प्रश्न होता. त्यांची पेन्सिल पुढच्या ओळीवर गेलीही होती.

"अर्थातच," साहेब म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

माझा आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. आत्याचा निघतो तसा. साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. "मॅडम नवीन आहेत," त्यांनी बाईंना सांगितलं.

"म्हणून तर मी ते उघडून वाचलं," मी म्हणाले. "ज्यांचे डॉक्टर निवृत्त झाले ते रुग्ण या यादीत येत नाहीत. ते कुठल्याच यादीत येत नाहीत. त्यांना कुणी फोन करत नाही. ते फोन करतात तेव्हा त्यांना थांबा म्हणून सांगितलं जातं. ते थांबलेत. अजून थांबलेत. आणि आम्ही यादी लहान झाली म्हणून एकमेकांचे सत्कार करतोय!"

"आवाज जरा..." कुणीतरी म्हणालं.

"नाही कमी करणार. या खोलीत सगळ्यांचे आवाज इतके खाली आहेत, म्हणूनच हे इतके दिवस चाललं."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि मला पुढे बोलावलं. मी अटी दाखवल्या. 'नोंदणी' टेबल दाखवलं. यादी शेजारी ठेवून दाखवली. दारात सिस्टर येऊन उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाईंनी विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "खरंय ते. मीच फोन करते. मोठ्या डॉक्टरांच्या एकाही पेशंटला केलेला नाही." एवढंच बोलून त्या तिथेच उभ्या राहिल्या, रडत नव्हत्या, पण नाक ओढत होत्या.

त्यानंतर जे व्हायला हवं ते झालं. अट काढली. सगळी माणसं मूळ तारखेसकट यादीत परत आली, आणि सिस्टरांच्या पडद्यावर मारुतीचं शेपूट पुन्हा लांबलं. माझी परवानगी परत मिळाली आणि व्ह्यूचं वर्णन मी नव्यानं लिहिलं, या वेळी ते खरंही होतं आणि सुटसुटीतही. साहेब जागच्या जागी राहिले. अहवालात आलं, 'तांत्रिक त्रुटी आढळून आली व ती तत्परतेने दूर करण्यात आली.' तत्परतेने! तो शब्द वाचून मी कागद भिरकावला, मग उचलून पुन्हा वाचला आणि पुन्हा भिरकावला. सगळ्या रुग्णांना मोबाइलवर संदेश गेला, 'आपली नोंदणी अद्ययावत करण्यात आली आहे.'

आत्याला मी फोन करून तिचा नंबर सांगितला. पहिल्यांदाच सांगण्यासारखा नंबर होता. तिच्याआधी बरीच माणसं होती, तिच्याहून जुनी.

"तुझ्या साहेबाचं ऐकलं असतंस तर एव्हाना मी बागेत फिरत असते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. त्यानंतर मी फोन केला की ती उचलायची, 'जिवंत आहे' म्हणायची आणि ठेवायची.

सिस्टरांनी परत आलेल्यांना फोन लावायला घेतले तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले होते. यादी बरोबर चालते ना हे बघायला हवंच होतं. सगळ्यात वर एक बाई होत्या. दोन्ही खुबे. मोठ्या डॉक्टरांनी तपासलेल्यांत सगळ्यात जुन्या. सिस्टरांनी फोन लावला, बाईंच्या मुलानं उचलला, तशा त्या आवाजात आनंद आणून म्हणाल्या, "हॉस्पिटलमधून बोलतेय, आईंचा नंबर लागलाय!" मग त्या ऐकत राहिल्या. "अरे देवा," म्हणाल्या. "वाईट झालं हो. नाही, नाही, आता काही करायला नको. सॉरी."

फोन ठेवून त्यांनी पडद्यावर 'हयात' या रकान्यात 'नाही' केलं. ओळ यादीतून निघून गेली, आणि खालच्या सगळ्या ओळी एकेकानं वर सरकल्या. मी वर्णनात लिहिलंच होतं, 'निधन झालेले रुग्ण या यादीत दिसत नाहीत.' वर्णन अगदी अचूक होतं.

आत्याला फोन केला. ती 'जिवंत आहे' म्हणायच्या आत मी म्हणाले, "तू एकानं वर आलीस."

"कशी?"

मी सांगितलं. मला वाटलं, आता ती फोन ठेवणार.

"मुलगा काय म्हणाला त्या बाईंचा?" आत्यानं विचारलं.

"काय म्हणणार? आई वाट बघता बघता गेली, तुमची रांगच मोठी, तुम्ही तरी काय करणार, असं म्हणाला. उलट फोन केल्याबद्दल सिस्टरांचे आभार मानले त्यानं."

"आभार?" आत्याचा आवाज चढला, तो जुना, बसमधला. "आभार मानले? आणि तुम्ही घेतले? त्याला कुणी सांगितलं का, की त्याची आई रांगेत नव्हतीच म्हणून?"

"नाही," मी म्हणाले.

"त्या समितीला सांगितलंस. त्या कॉम्प्युटरला लिहून दिलंस. आणि त्याला नाही? अगं भवाने, ज्याची आई गेली त्यालाच तेवढं सांगायचं राहिलं होय गं? जा आधी. फोनवर नको. तोंडावर जाऊन सांग. आणि मला असलं वर सरकवलंस म्हणून परत कौतुकानं कळवू नकोस!"

मी दुसऱ्या दिवशी गेले. तळमजल्यावरचं घर होतं. दार मुलानं उघडलं. माझ्याच वयाचा, हात कणकेचे, अंगावर घरातले कपडे. हॉस्पिटलमधून आले म्हटल्यावर त्यानं घाईनं हात पुसले आणि खुर्ची दिली. "कालच फोन आला होता," तो म्हणाला. "चांगली माणसं आहेत तुमची."

मला ते सहन झालं नाही. बसायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा काय झालं, यादीत कोण दिसायचं आणि कोण नाही, खिडकीवरून काय सांगितलं जायचं आणि का. टेबल, व्ह्यू हे शब्द मी वापरले नाहीत, त्यांची गरजच पडली नाही. आतल्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि त्या बंद करायला तो उठला नाही.

"म्हणजे तिचा नंबर कधी येणारच नव्हता," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"ती फोन उशाशी घेऊन झोपायची. चार्ज आहे ना, मला चार्ज आहे ना, म्हणून विचारायची. मी चिडायचो तिच्यावर. म्हणायचो, येईल तेव्हा येईल, हॉस्पिटलला तू एकटी आहेस का?" तो उठला, कपाटातून कोरा कागद आणि पेन आणून त्यानं माझ्यापुढे ठेवलं. "हे लिहून द्या."

मी पेन घेतलं. हेच तर माझं काम. मी लिहिलं, 'तुमच्या आईची नोंदणी आमच्याकडे होती, पण ज्या यादीवरून बोलावतात त्या यादीतून त्या गळल्या होत्या. ही यादी कुणाला गाळते हे आम्ही कधी पाहिलंच नाही.'

माझ्या खांद्यावरून तो वाचत होता. त्यानं वाकून एका शब्दावर बोट ठेवलं. बोटाला अजून कणीक लागलेली होती.

"हे 'आम्ही' म्हणजे कोण कोण," तो म्हणाला, "तेही लिहा."